झाडांतला कार्बन लेझर स्कॅनरने मोजायचा आहे? मग टेपही सोबत घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आवारात सुमारे ४०० झाडं आहेत, त्यांतली काही बरीच जुनी. आठ दिवसांसाठी तिपाईवरचा लेझर स्कॅनर वापरायला मिळतो आहे. या सगळ्या झाडांत मिळून किती कार्बन साठला आहे ते ‘सूत्रांच्या अंदाजापेक्षा अचूक’ सांगायचं आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर कोणतं, स्कॅन किती घ्यायचे आणि आलेल्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, हे तुम्ही विचारलं आहे.

सॉफ्टवेअरचं शेवटी बघू, कारण तिथे फारसं बिघडत नाही. बिघडतं ते आधी, झाडाखाली उभं असताना, आणि नंतर, लाकडाच्या घनतेचा आकडा कुठून तरी उचलून टाकताना. म्हणून आधीच सांगतो: ४०० झाडं स्कॅन करायचा मोह सोडा. ४० झाडं नीट स्कॅन करा आणि उरलेल्या ३६० झाडांना टेप लावा. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो.

स्कॅनरला कार्बन कळत नाही, झाडही कळत नाही. त्याला कळतं एवढंच की अमुक दिशेला सोडलेला किरण अमुक अंतरावर कशाला तरी लागून परत आला. असे कोट्यवधी ठिपके जमले की त्यांचा झाडासारखा दिसणारा ढग तयार होतो. त्या ढगावरून आपण लाकडाचं घनफळ काढतो. घनफळाला लाकडाच्या घनतेने गुणलं की कोरडं वजन येतं. कोरड्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. म्हणजे स्कॅनरचं काम घनफळापाशी संपतं आणि पुढच्या दोन पायऱ्या तुमच्या हिमतीवर आहेत. स्कॅनर कितीही भारी असला तरी घनता चुकली की उत्तर तेवढंच चुकणार.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे: हा आकडा लागणार आहे कशाला? संपूर्ण आवाराचा एकूण साठा अहवालात द्यायचा असेल तर एकेका झाडातली पंधरा-वीस टक्क्यांची चूक चालून जाते, कारण काही झाडं वर चुकतात, काही खाली, आणि बेरजेत त्यातलं बरंचसं जिरतं. एखाद्या जुन्या झाडापुरतंच, ते वाचवायचं की नाही या वादासाठी बोलायचं असेल तर त्या एका झाडावर दोन दिवस घालवावे लागतील. आणि ‘आमची झाडं दरवर्षी इतका कार्बन शोषतात’ असं म्हणायचं असेल, तर आठ दिवसांच्या एका मोजणीतून ते निघत नाही. साठा वेगळा, वाढ वेगळी. त्यावर शेवटी बोलू. तुमच्या पत्रावरून मी पहिला हेतू धरून चाललो आहे.

आता सूत्रांबद्दल. त्यांना लोक उगाच नावं ठेवतात. जैवभाराची, म्हणजे झाडाच्या कोरड्या वजनाची, सूत्रं कुणी हवेतून काढलेली नाहीत; झाडं तोडून, तुकडे करून, वजन करून ती बसवलेली आहेत. उष्ण कटिबंधासाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं जेरोम शाव आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं सूत्र ५८ ठिकाणच्या ४,००४ झाडांवर उभं आहे. खोडाचा व्यास, उंची आणि घनता दिली की ते जमिनीवरचं कोरडं वजन देतं. जंगलात ते चांगलं चालतं. अडचण अशी की जंगलातलं झाड उजेडासाठी शेजाऱ्याशी झगडत सरळ वर जातं, तर रस्त्याकडेच्या झाडाला चारी बाजूंनी उजेड असतो. ते आखूड खोडावर पसरतं, खाली जाड फांद्या धरतं, आणि मग कधी तारांसाठी तर कधी वाहनांसाठी त्याची एक बाजू छाटली जाते. सारख्याच घेराची दोन झाडं घ्या, एक पूर्ण वाढलेलं आणि एक दर दोन वर्षांनी बोडकं होणारं. सूत्राला दोन्ही सारखीच. अमेरिकेतल्या शहरी वृक्षगणनांत म्हणूनच मोकळ्यावर वाढलेल्या झाडांसाठी जंगली सूत्राच्या उत्तराला ०.८ ने गुणायची पद्धत पडली. पण तो सरासरीवरचा तोडगा आहे. तुमच्या दारातलं झाड त्या सरासरीच्या कुठल्या बाजूला आहे ते त्यातून कळत नाही.

स्कॅनरची ताकद नेमकी इथे आहे. झाड जसं आहे तसं, छाटलेलं, वाकलेलं, एकांगी, तो मोजतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात किम काल्डर्स आणि सहकाऱ्यांनी ६५ निलगिरीची झाडं आधी स्कॅन केली, मग तोडून वजन केली. ते काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. स्कॅनवरून काढलेलं एकूण वजन खऱ्यापेक्षा सुमारे १० टक्के जास्त भरलं, तर सूत्रांचं ३० ते ३७ टक्के कमी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सूत्राची चूक झाड जाड होत गेलं तशी वाढत गेली, स्कॅनची तशी वाढली नाही. ती झाडं शहरातली नव्हती हे खरं, पण मोठ्या झाडांबद्दलचा धडा आपल्याला तसाच लागू पडतो, कारण शहरात कार्बन साठलेला असतो तो मोजक्या मोठ्या झाडांत. घेर दुप्पट झाला की वजन दुप्पट होत नाही, पाचपटीच्या आसपास जातं. हे डोळ्यांना पटत नाही, म्हणून लोक शंभर कोवळी झाडं मोजत बसतात आणि कोपऱ्यातला जुना महावृक्ष ‘अवघड आहे’ म्हणून सोडून देतात.

तुम्हाला कित्ता गिरवायचा असेल तर लंडनच्या कॅम्डन भागाचं काम बघा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटाने २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांनीही प्रत्येक झाडाखाली तिपाई लावली नाही. काही ठिकाणी जमिनीवरून बारकाईने स्कॅन घेतले, त्यातून झाडाची उंची आणि पर्णसंभाराचा विस्तार यांचा वजनाशी मेळ बसवला आणि तो मेळ विमानातून घेतलेल्या लेझर मोजणीवर लावून सुमारे ८५,००० झाडांपर्यंत पोचले. संपूर्ण भागात झाडांचं हेक्टरी मध्यक कोरडं वजन ५० टनांच्या आसपास आलं, पण तिथल्या हॅम्पस्टेड हीथ या मोठ्या उद्यानातल्या दाट राईत काही ठिकाणी ते उष्ण कटिबंधातल्या जंगलांच्या तोडीचं निघालं. तुमच्याकडे विमान नाही, टेप आहे. तत्त्व तेच.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

सगळ्यात आधी, स्कॅनर हातात यायच्या आधीच, ४०० झाडांची यादी करा: जात, छातीच्या उंचीवरचा घेर, उंची, पर्णसंभाराचा दोन दिशांनी विस्तार, आणि ‘छाटलेलं / ढोली / अनेक खोडं’ असा एक शेरा. छातीची उंची म्हणजे १.३ मीटर, आणि ती सगळ्यांसाठी एकच ठेवा. दोन माणसं, दोन छात्या, दोन घेर असं होऊ देऊ नका, १.३ मीटरची काठीच सोबत ठेवा. ही यादी घेरानुसार लावा. वरची दहा-पंधरा झाडं निवड न करता सरळ स्कॅनच्या यादीत घाला. उरलेल्या जागा मधल्या आणि लहान गटांत वाटा, प्रमुख जाती सुटणार नाहीत असं बघून. गटातलं झाड मात्र चिठ्ठी टाकून निवडा. आपण निवडायला गेलो की हात आपसूक सुबक, सरळ, मोकळ्यावरच्या झाडाकडे जातो, आणि मग सगळं आवार सुबक झाडांचं असल्यासारखं उत्तर येतं.

एकट्या उभ्या झाडाला मी किमान चार, मोठ्याला सहा-सात जागांवरून स्कॅन घेतो. एका बाजूने घेतलेल्या स्कॅनमध्ये मागची बाजू नसते, आणि पुढच्या फांदीच्या सावलीत मागची फांदी हरवते. दोन-तीन जागा जवळ, खोडाच्या पाच-सहा मीटरवर, आणि बाकीच्या झाडाच्या उंचीएवढ्या अंतरावर. जवळून शेंडा दिसत नाही, लांबून बारीक फांद्या नीट येत नाहीत, म्हणून दोन्ही हवं. काही स्कॅनर सरळ डोक्यावर बघू शकत नाहीत. तुमचा तसा असेल तर त्याच जागेवर तो आडवा करून दुसरा स्कॅन घ्यावा लागेल. जागांचे स्कॅन एकमेकांना जोडण्यासाठी परावर्तक टार्गेट लावा, आणि लागोपाठच्या प्रत्येक दोन जागांवरून किमान चार-पाच टार्गेट सामाईक दिसतील असं बघा. ती एका रेषेत किंवा एकाच उंचीवर लावू नका. या हिशेबाने एका झाडाला तास-सव्वा तास जातो. ओळीतल्या झाडांना जागा सामाईक वापरता येतात, तिथे वेळ वाचतो. दिवसाला सहा-सात झाडं, त्यात वाऱ्याने वाया जाणारे दिवस वजा केले की ४० हा आकडा येतो.

वाऱ्याबद्दल थांबून सांगायला हवं, कारण मी स्वतः त्यात फसलो आहे. सुरुवातीच्या काळात एक मोठं झाड अर्धं सकाळी आणि अर्धं दुपारी स्कॅन केलं. दुपारी झुळूक होती, ‘वारा’ म्हणावा इतकीही नाही. कार्यालयात येऊन स्कॅन जोडले, तर खोड कागदावर गोल काढल्यासारखं स्वच्छ, आणि शेंड्याकडे प्रत्येक फांदी जुळी. दोन फांद्या एकमेकींपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, मध्ये ठिपक्यांचा धुरळा. सॉफ्टवेअर ठिपक्यांवर नळकांडी बसवून घनफळ काढतं; एकाच फांदीच्या या दोन प्रती आहेत हे त्याला कसं कळणार? त्याने दोघींना मिळून एक नळकांडं बसवलं आणि बोटाएवढी फांदी मनगटाएवढी करून टाकली. एकूण घनफळ फुगलं, आणि आकडा मोठा आला म्हणून आम्ही दोन दिवस खूश होतो. तेव्हापासून पान सळसळलं की मी थांबतो. पहाटेपासून नऊपर्यंतची वेळ बहुतेक ठिकाणी शांत असते; त्यात मोठी झाडं उरकावीत.

यामागचं गणित साधं आहे आणि तेच या सगळ्या कामाचं मर्म आहे. घनफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाची त्रिज्या अर्ध्या सेंटिमीटरने जास्त आली तर घनफळ साडेतीन टक्क्यांनी चुकतं. २ सेंटिमीटर व्यासाच्या फांदीची त्रिज्या तेवढ्याच अर्ध्या सेंटिमीटरने जास्त आली तर घनफळ सव्वादोन पट होतं. आणि वारा नसला तरी ही चूक थोडी होतेच, कारण किरण म्हणजे सुईचं टोक नसतं. चांगल्या स्कॅनरचा किरण बाहेर पडताना सहा-सात मिलिमीटर जाड असतो आणि दर १० मीटरला तीन-साडेतीन मिलिमीटरने रुंदावत जातो. २० मीटरवरच्या फांदीवर तो जवळजवळ दीड सेंटिमीटरचा होतो. पेन्सिलीएवढ्या डहाळीवर असा किरण पडला की अर्धा तिच्यावर लागतो, अर्धा पुढे निघून मागच्या कशावर तरी आपटतो, आणि डहाळीची कड पसरते. काल्डर्सच्या झाडांत आलेल्या दहा टक्के वाढीकडे याच नजरेने बघा. स्कॅनरचं घनफळ चुकतं तेव्हा बहुधा वरच्या बाजूला चुकतं, हे मनात पक्कं असू द्या.

पानांचंही तेच. पानगळीची झाडं पान गळल्यावर स्कॅन करा, तेवढ्यासाठी काम दोन महिने पुढे ढकलावं लागलं तरी चालेल. पानांत स्कॅन घेतलाच तर लाकूड आणि पान वेगळं करणारी साधनं आहेत, ती बरं कामही करतात, पण पानांआडच्या फांद्यांवर किरण पोचलेलाच नसतो. जे दिसलंच नाही ते वेगळं काय करणार? सदाहरित झाडांना पर्याय नाही. तिथे जागा वाढवा, आणि शेंड्याच्या भागाचा आकडा ढोबळ आहे हे नोंदवा. पाऊस पडून गेल्यावर लगेच स्कॅन घेऊ नका. बऱ्याच स्कॅनरचा लेझर ज्या तरंगलांबीवर चालतो ती पाणी शोषून घेतं, आणि ओल्या सालीवरून ठिपके विरळ येतात.

हातात धरून चालत चालत मोजायचे स्कॅनर मिळतात, आणि काही फोनमध्येही लेझर असतो. ते वाईट नाहीत, त्यांचं काम वेगळं. फोनचा पल्ला पाच मीटरच्या आसपास, म्हणजे घेर मोजायला ठीक. चालत्या स्कॅनरचे ठिपके एक-दोन सेंटिमीटरने इकडेतिकडे होतात. खोड, उंची, विस्तार यांना चालेल, बारीक फांद्यांना नाही; का ते वरच्या गणितात आहेच.

आता सॉफ्टवेअर. ठिपक्यांच्या ढगातून झाड वेगळं कापून घेतलं की त्यावर एकापुढे एक नळकांडी बसवून खोड-फांद्यांचा सांगाडा उभा करायचा, ही रूढ पद्धत. पासी राउमोनेन यांचं ट्रीक्यूएसएम मोफत आहे आणि मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये चालतं. मी तेच वापरतो. दुसरीही आहेत. सवय असेल ते घ्या, पण एक गोष्ट ध्यानात असू द्या: ठिपक्यांचे छोटे गठ्ठे करताना ट्रीक्यूएसएम काही निवड यदृच्छेने करतं, त्यामुळे त्याच झाडाला त्याच मांडणीने दोनदा चालवलं तरी उत्तर थोडं वेगळं येतं. मी प्रत्येक झाड किमान दहा वेळा चालवतो आणि सरासरीसोबत फरकही लिहितो. दहा उत्तरं एकमेकांच्या जवळ असली म्हणजे बरोबर आहेत असं नाही. पण ती विखुरलेली असली तर ढगातच काहीतरी गडबड आहे हे नक्की.

उत्तर आल्यावर एकूण आकडा बघायच्या आधी व्यासानुसार वाटणी बघा. पाच सेंटिमीटरपेक्षा बारीक फांद्यांत किती घनफळ दाखवतं आहे? मोठ्या, जुन्या झाडात तो वाटा खोड आणि मुख्य फांद्यांच्या बरोबरीला आला तर थांबा, सांगाडा उघडा, ढगावर ठेवून बघा. आणि हात पोचेल अशा पाच-सहा फांद्या खाली उभं राहून कॅलिपरने मोजा, सांगाड्यातल्या त्याच नळकांड्यांशी ताडून पाहा. या अर्ध्या तासाने मला जितक्या चुका दाखवल्या तितक्या कुठल्याही आलेखाने दाखवल्या नाहीत.

याहून चांगली तपासणी फुकट मिळते, पण ती साधावी लागते. आवारात छाटणी कधी आहे ते विचारून ठेवा. ज्या झाडाची मोठी फांदी उतरवणार आहेत ते आदल्या दिवशी स्कॅन करा. फांदी खाली आली की पानं झटकून, तुकडे करून, टांगत्या काट्यावर ओलं वजन घ्या. दोन-तीन ठिकाणच्या चकत्या कापून त्यांचंही तिथेच वजन करा, पिशवीत बंद करा. घरी आल्यावर चकती पाण्यात पूर्ण बुडवून किती पाणी सरतं ते मोजा, ते तिचं घनफळ. मग १०३ ते १०५ अंश सेल्सियसच्या भट्टीत वजन स्थिरावेपर्यंत वाळवा. कोरडं वजन भागिले ओलं घनफळ, ही तुमच्या झाडाची घनता. चकतीत कोरडा वाटा किती निघाला त्यावरून फांदीचं कोरडं वजन, आणि ते स्कॅनमधल्या त्या फांदीच्या वजनाशी ताडायचं. झाड न तोडता खऱ्या वजनाशी गाठ घालून देणारी दुसरी सोपी वाट मला माहीत नाही. अशा चार-पाच फांद्या मिळाल्या की तुमचं काम इतरांपेक्षा वेगळ्या पंक्तीत बसतं.

घनतेचा विषय इथेच पुरा करतो. जातवार घनतेचा जागतिक संग्रह उपलब्ध आहे, त्यात हजारो जाती आहेत, तुमच्या बहुतेक सापडतील. धोका वेगळाच आहे. इमारती लाकडाच्या तक्त्यांत जी घनता छापलेली असते ती हवेत वाळलेल्या, सुमारे १२ टक्के ओल असलेल्या लाकडाची असते. आपल्याला हवं आहे कोरडं वजन भागिले ओलं घनफळ, आणि हा आकडा तक्त्यातल्यापेक्षा कमी असतो. उदाहरण घ्या. स्कॅनवरून एका झाडाचं घनफळ ४.२ घनमीटर आलं. योग्य घनता घनमीटरला ०.५५ टन असेल तर कोरडं वजन २.३१ टन. त्याचा ०.४७ भाग कार्बन, म्हणजे १.०९ टन. आता कुणी तक्त्यातून ०.६५ उचलला तर वजन २.७३ टन, म्हणजे १८ टक्के जास्त, आणि स्कॅनमध्ये तर एक ठिपकाही हललेला नाही. शिवाय ही चूक बेरजेत जिरत नाही. आवारातली निम्मी झाडं एकाच जातीची असतील तर त्या सगळ्यांत ती एकाच दिशेने शिरते. यादृच्छिक चुकांची मला फार भीती वाटत नाही. या एकदिश चुकांची वाटते.

०.४७ हा हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने सुचवलेला सर्वसाधारण गुणक आहे. जुन्या कामांत ०.५ दिसेल. दोन्ही चालतील, पण कोणता वापरला ते लिहा. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचं असेल तर कार्बनला ४४/१२ ने, म्हणजे ३.६७ ने गुणा. वरच्या झाडाचे ४ टन होतील. अहवालात हे दोन आकडे सरमिसळ झालेले मी इतक्यांदा पाहिले आहेत की आता प्रत्येक तक्त्याच्या मथळ्यातच ‘कार्बन’ की ‘कार्बन डायऑक्साइड’ ते लिहायला लावतो.

स्कॅनरला न दिसणाऱ्या दोन गोष्टी राहिल्या. पहिली पोकळी. लेझर सालीपाशी थांबतो, आत ढोली असली तरी त्याच्या लेखी झाड भरीव. आणि शहरातली म्हातारी झाडं, म्हणजे जिथे सर्वांत जास्त कार्बन असायला हवा तीच, आतून पोकळ असण्याचा संभव जास्त. लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐका. संशय आला तर ध्वनिलहरींनी खोडाचा छेद दाखवणारं उपकरण मिळतं का बघा. नसेल तर ढोलीचं तोंड आणि खोली मोजून ढोबळ वजावट करा. दुसरी गोष्ट मुळं. जमिनीवरच्या वजनाचा चौथा हिस्सा मुळांत धरायची रूढी आहे, पण फरसबंदीखाली कोंडलेल्या मुळांना तो गुणक किती लागू पडतो हे ज्या त्या जागेवर ठरतं. मी मुळांचा आकडा नेहमी वेगळ्या ओळीत देतो, एकूणात मिसळत नाही.

वडासारख्या पारंब्यांच्या झाडांना किंवा बुंध्याला खोल घड्या असलेल्या झाडांना नळकांडं बसत नाही. तिथे खोडाच्या खालच्या भागाचा पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळीने बांधून घनफळ काढा. ट्रीक्यूएसएममध्ये ती सोय आहे. अशी एक-दोनच झाडं असतील तर त्यांना सर्वसाधारण मेळात बसवायचा अट्टहास करू नका, त्यांचा स्वतंत्र आकडा द्या.

आता ४० वरून ४०० वर कसं जायचं. स्कॅन केलेल्या झाडांचं वजन एका बाजूला, घेर-उंची-विस्तार दुसऱ्या बाजूला, दोन्हींचे लॉगरिदम घेऊन रेषा बसवा. माझ्या अनुभवात मोकळ्यावरच्या झाडांना घेरासोबत विस्तार घेतला की रेषा बरीच सुधारते. छाटलेल्या झाडांचा फरक विस्तारातच दिसतो. लॉगरिदममधून परत साध्या आकड्यात येताना उत्तर थोडं कमी येतं, त्याची दुरुस्ती विसरू नका. अवशेषांचं, म्हणजे रेषा आणि प्रत्यक्ष आकडे यांतल्या फरकांचं, प्रमाण विचलन ०.३ असेल तर सुमारे साडेचार टक्के वाढवावे लागतात. पाच-सहा झाडं रेषा बसवताना बाजूला ठेवून त्यांच्यावर ती पडताळा. आणि त्याच ४०० झाडांना प्रसिद्ध सूत्रही लावून दोन्ही बेरजा शेजारी ठेवा. फरक थोडा निघाला तर तेही एक उत्तरच आहे: तुमच्या आवाराला सूत्र पुरतं, पुढच्या वेळी स्कॅनरची गरज नाही.

राहिली वार्षिक वाढ. ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाने वर्षाला ४ मिलिमीटर रुंदीचं वलय धरलं तर खोडाचा छेद २.७ टक्क्यांनी वाढतो. आपली मोजणी दहा टक्क्यांच्या आसपास हलते. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा स्कॅन करून वजाबाकी केली तर हाती येईल ती वाढ नसेल, दोन वेळच्या वाऱ्यांतला फरक असेल. पाच-सात वर्षांनी, त्याच जागांवरून, त्याच ऋतूत केली तर अर्थ आहे. तोवर खोडाला कायमचा पट्टा बांधून घेराची वाढ मोजणं स्वस्तही आहे आणि जास्त बोलकंही. तुम्ही तिपाईच्या जागा जमिनीवर खुणावून ठेवा, आणि सांगाडे गेले तरी चालतील पण मूळ ठिपके जपा. सांगाडे बांधायची साधनं सुधारत जातील, आजचं झाड मात्र पुन्हा स्कॅन करता येणार नाही.

सुरुवात सर्वांत मोठ्या झाडापासून नको, मध्यम आकाराच्या, पानगळ झालेल्या, एकट्या उभ्या झाडापासून करा. त्याच दिवशी ते शेवटपर्यंत न्या, घनफळापर्यंत, म्हणजे टार्गेटची चूक चाळिसाव्या झाडाऐवजी पहिल्याच झाडावर सापडेल. मग मला चार आकडे कळवा: घेर, उंची, एकूण घनफळ आणि पाच सेंटिमीटरपेक्षा बारीक फांद्यांचा वाटा. चौथा आकडा बघितला की पुढे काय दुरुस्त करायचं ते सांगता येईल.